एका पत्रातली दोन दुखणी

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 57. गोव्यात फोंडा तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे. चवथीला नेवऱ्या-पातोळ्यांसाठी खूप नारळ खवले, तेव्हापासून छातीत डावीकडे दुखतं. कुशीवर वळले, फळीवरचा डबा काढायला हात वर केला की कळ येते. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. गॅस असेल म्हणाले. हल्ली कुळागरातून घाटी चढून घरी येताना छाती आवळल्यासारखी होते. अर्ध्यावर बसून ओवा चावला की पाचेक मिनिटांत बरं वाटतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. हालचाल केली की दुखतं, तर चालणं-फिरणं बंद करू का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्याबरोबर संपादकांमार्फत तुम्हाला निरोप पाठवला आहे, अंक निघेपर्यंत थांबलो नाही. कारण तुम्ही एक दुखणं म्हणून जे लिहिलं आहे, ती मला दोन दुखणी वाटतात. पहिलं त्रासदायक असलं तरी बहुधा साधं आहे. दुसऱ्याची मला काळजी वाटते.

आधी साधं. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे मिळतात, तिथे कूर्चा असते. खवणीवर वाकून तासन्‌तास एकाच हाताने जोर लावला की तिथे आणि बरगड्यांमधल्या स्नायूंत सूज येते. हे दुखणं बोटाने दाखवता येतं. त्या जागी दाबलं की ओळखीची कळ उठते. कूस बदलली, खोकला आला, खोल श्वास घेतला तरी उठते. यावर गरम पाण्याची पिशवी दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मधुमेहात कातडीला चटका लवकर कळत नाही, म्हणून मध्ये टॉवेल हवा. गरज पडली तर पॅरासिटामॉल घ्या. त्याहून जोरदार वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, मधुमेह असताना त्या मूत्रपिंडाला जड जातात आणि हृदयालाही बऱ्या नाहीत. नारळ काही आठवडे घरातल्या दुसऱ्या कुणी खवावा. हे दुखणं रेंगाळतं, कधी दोन-तीन महिनेही, पण जातं.

आता घाटीचं. बसल्या जागी हात हलवला की कळ येणं वेगळं आणि चढावर छाती आवळणं वेगळं. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं. कुळागराच्या पाटात गाळ साचला तर थोडं पाणी निघून जातं, जास्त सोडलं की अडतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की तसंच होतं. सपाटीवर काही जाणवत नाही, चढावर रक्त कमी पडतं आणि छातीवर दडपण येतं. याला अंजायना म्हणतात. हे दडपण दाखवताना बहुतेक माणसं बोट न ठेवता अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतात. ते जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात, पाठीत उतरू शकतं. जेवून लगेच चढलं तर लवकर येतं, आणि विसावा घेतला की काही मिनिटांत ओसरतं.

म्हणून तुमच्या ओव्यापाशी मी थबकलो. ओवा चावण्यासाठी तुम्ही खाली बसता. आराम त्या बसण्याने पडतो, श्रेय मात्र ओव्याला मिळतं आणि दुखणं गॅसच्या नावावर जमा होतं. आपल्याकडे छातीतल्या किती दुखण्यांवर आधी ओवा, सोडा नाहीतर कोकमाचं पाणी होतं आणि डॉक्टर शेवटी, हे मी रोज बघतो. जीव कासावीस होतो तो यामुळे.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. तो तुम्ही पलंगावर शांत पडलेल्या असताना काढला. त्या वेळी हृदयाला काही कमी पडत नव्हतं, तर कागदावर काय उमटणार? आणि दाबल्यावर छाती दुखते म्हणजे हृदय ठीक आहे असंही नाही, एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. त्यात तुम्ही मधुमेही. मधुमेहात, आणि बायकांमध्ये एरवीही, हृदयाचं दुखणं पुष्कळदा छातीत न बोलता नुसती धाप, थकवा, मळमळ, घाम असं येतं.

चढावरचं दडपण नव्याने सुरू झालेलं आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यातली अपॉइंटमेंट वगैरे नको. आजच फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा : ‘चढताना छाती आवळते, बसलं की थांबते.’ नुसतं ‘छातीत दुखतं’ म्हणालात तर पुन्हा बरगडीवरच बोट जाईल. तिथून पुढे ईसीजी, रक्ततपासणी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि लागलं तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हृदयरोग विभागात अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्या कुठे अरुंद आहेत ते बघणारी तपासणी), हे ते ठरवतील. ट्रेडमिलची चाचणी स्वतःहून कुठल्या लॅबमध्ये जाऊन करू नका.

चालणं कायमचं बंद करायचं नाही. तपासणी होईपर्यंत घाटी, पाण्याच्या घागरी, सुपारीची पोती मात्र पूर्ण बंद. घरातल्या घरात सावकाश फिरा.

आणि घरातल्या सगळ्यांनी हे ऐकून ठेवा. खाली बसल्यावरही दडपण दहा मिनिटांत ओसरलं नाही, बसल्या जागीच आलं, किंवा सोबत थंड घाम, धाप, चक्कर असेल तर थेट 108 फिरवायचा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातला अल्सर किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शेजाऱ्यांकडून मागून घेऊ नका, तिने रक्तदाब एकदम उतरतो. आपल्या राज्यात हार्ट अटॅकसाठीच्या ‘स्टेमी गोवा’ योजनेखाली गावाजवळच्या सरकारी केंद्रातला ईसीजी तज्ज्ञांपर्यंत पोचतो आणि हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लवकर मिळू शकतं, पण त्यासाठी माणूस वेळेत केंद्रात पोचायला हवा.

जाताना मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि तो जुना नॉर्मल ईसीजी बरोबर घ्या. नव्या ईसीजीत काही बदललं आहे का, ते त्याच्याशी ताडूनच कळतं.