कार्डवाले दरवाजे आग लागल्यावर खरंच उघडतील का?

बडोद्यात अलकापुरीला तुमची नऊ मजली ऑफिस इमारत आहे, आणि 'सॉफ्टवेअरमध्ये फायर रूल टाकलाय, दारं आपोआप उघडतील' असं व्हेंडर सांगतो. तेवढं पुरे का, हा तुमचा प्रश्न.

पुरे नाही. रूल असू द्या, पण दार त्याच्या भरवशावर सोडू नका. सर्व्हर बंद पडला, नेटवर्क स्विचची लाइट गेली किंवा कंट्रोलर (कार्ड तपासून दार उघडणारा बोर्ड) हँग झाला, की दार मिटलेलंच. मॅग्नेटिक लॉक वीज असेपर्यंतच दार धरतं; ती वीज फायर पॅनेलच्या (आगीचा अलार्म चालवणारी पेटी) रिलेने (विजेवर चालणारा स्विच), थेट तारेने तुटली पाहिजे.

इथे वायरमन हमखास चुकतो: लॉकच्या पॉवर सप्लायची २३० व्होल्टची बाजू तोडतो. पण त्या सप्लायला बॅटरी असते, त्यामुळे लॉक तासन्‌तास धरून बसतं. तोडायची ती बॅटरीच्या पुढची, लॉककडे जाणारी १२ व्होल्टची तार.

मग करंट. ६०० पौंडांच्या जोराने दार धरणारं लॉक १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतं, म्हणजे दहा दारांचे पाच अँपिअर. पॅनेलमधल्या छोट्या रिलेवरून एवढं नेलंत तर कॉन्टॅक्ट चिकटतात आणि अलार्म वाजूनही दार उघडत नाही. मध्ये डीसीवर दहा अँपिअर झेपणारा वेगळा रिले घाला. त्याची कॉइल (रिले ओढून धरणारी तारेची गुंडाळी) एरवी चालू आणि अलार्मला बंद, अशी जोडा. तार उंदराने कुरतडली तरी दार उघडंच राहील. दाराजवळचा हिरवा ब्रेकग्लासही (काच दाबून दार उघडायचं आणीबाणीचं बटण) कंट्रोलरला नको, लॉकच्याच तारेत हवा.

कोणी मुद्दाम कॉल पॉइंट (अलार्म वाजवायचं भिंतीवरचं बटण) दाबून आत शिरेल, ही मालकांची भीती खरी आहे. त्यावर उपाय कॅमेऱ्याचा. बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे, नॅशनल बिल्डिंग कोडही तेच सांगतो.

गार्डला एकच गोष्ट घोटून शिकवा: आधी 'रीसेट' दाबायचं नाही. त्याने कुठला डिटेक्टर वाजला ते स्क्रीनवरून जातं, आणि लोक जिन्यात असताना लॉक परत लागतात. म्हणून लॉक पूर्ववत करायला वेगळा किल्लीचा स्विच द्या. क्रम असा: अ‍ॅकनॉलेज (अलार्म पाहिल्याची नोंद करणारं बटण), स्क्रीनवर जागा वाचणे, वॉकीवरून दुसऱ्याला तिथे धाडणे. धूर दिसला की लगेच १०१. आत कोण आहे त्याची यादी पहिल्या घंटेलाच छापा, नंतर दारं उघडी असल्याने कार्ड कोणी दाखवत नाही. तरी एकाच्या कार्डावर दोघे शिरतात, तेव्हा यादीवर डोळे झाकून विसंबू नका. घोषणा आधी गुजरातीत, मग हिंदीत.

पॅनेल आणि यूपीएस बेसमेंटमध्ये असतील तर वर हलवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कुठवर आलं, ते तुम्ही पाहिलंच असेल.

चाचणी रविवारी घ्या. सर्व्हर बंद, नेटवर्कची केबल काढलेली, मेन स्विच पाडलेला, हे सगळं एकाच वेळी. मग कॉल पॉइंट दाबा आणि प्रत्येक दार हाताने ढकलून बघा. एकही चिकटून राहिलं तर व्हेंडरचं शेवटचं बिल अडवा.