स्टॉल किती लागले हे मोजून काय कळणार?

प्रश्न : नमस्कार ताई, मी कोल्हापुरात एका चित्रकला महाविद्यालयात शिकवते. तीन वर्षांपासून आमच्याकडे मुलांना कलेतून स्वतःचा धंदा उभा करायला मदत करायचा उपक्रम आहे, म्हणजे कामाला जागा, थोडं भांडवल, दिवाळीत स्टॉल आणि किंमत कशी लावायची याची दोन-चार सेशन्स. कुणी कॅलिग्राफीची कामं घेतं, कुणी आकाशकंदील करतं, कुणी गणपती रंगवून देतं. आता संस्था म्हणते यश आकड्यांत दाखवा नाहीतर पैसे बंद. २२ मुलं आली, ९ जणांचा धंदा आज चालू आहे. याला यश म्हणायचं का? आणि आमचे एक सर म्हणतात मुलांच्या धंद्यात कॉलेजने हिस्सा घ्यावा, ते बरोबर आहे का?

उत्तर : मॅडम, २२ पैकी ९ या आकड्यावरून मला खरंच काही सांगता येणार नाही, आणि संस्थेलाही त्यावरून निर्णय घेऊ देऊ नका. कारण त्या ९ जणांत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या घरचा मुलगा असेल तर तो तुमच्या मदतीशिवायही गणपतीच करणार होता, ते श्रेय उपक्रमाचं नाही. म्हणून ज्यांनी अर्ज केला होता पण जागेअभावी ज्यांना घेता आलं नाही त्या मुलांनाही फोन करा, ती आज काय करतायत ते बघा, मग दोन्हीतला फरक तुम्हाला दिसेल. २२ मुलं म्हणजे टक्केवारी काढण्याइतकी मोठी संख्या नाही, त्यामुळे प्रत्येकाबद्दल पानभर लिहिलंत तरी चालेल, उलट तेच जास्त खरं असेल.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मुलं नफा सांगतात तेव्हा त्यात मजुरी धरलीय का हे विचारा. समजा एक कंदील ३५० ला विकला, कागद-काठ्या-बल्ब धरून १४० खर्च, मुलगा खुशीत सांगतो २१० सुटले, पण तो करायला पाच तास गेले असतील तर तासाला ४२ रुपये पडले, आणि एवढ्यावर कुणाचं घर चालत नाही. पहिल्या वर्षी तासाला ४२ पडत होते आणि तिसऱ्या वर्षी त्याच मुलाला ११० पडायला लागले, तर तुमच्या किंमतीच्या सेशन्सचा उपयोग झाला असं मी छातीठोकपणे म्हणेन, मग स्टॉलवरची एकूण विक्री कमी का होईना. आणि विक्रीतही मावशी-काका-कॉलेजचे सर यांनी घेतलेलं वेगळं काढा. ओळखीबाहेरचं गिऱ्हाईक परत ऑर्डर घेऊन आलं का, ॲडव्हान्स देतं का, हे बघा. हिशोब मात्र गणपती ते गणपती असा वर्षाचाच धरा, नाहीतर ऑक्टोबरात विचारलं तर सगळे यशस्वी आणि मे महिन्यात विचारलं तर सगळे बुडालेले दिसतील.

उरलेल्या १३ जणांना अपयशात टाकू नका हो. एखादी मुलगी आज शाळेत कलाशिक्षिका असेल आणि रविवारी लग्नाच्या पत्रिकांची कामं घेत असेल, तर तिचा धंदा बंद झाला असं कसं म्हणणार? कलेची माणसं अशीच दोन-तीन ठिकाणी पाय ठेवून जगतात. अमेरिकेत कलाशाखांच्या माजी विद्यार्थ्यांचा स्नॅप नावाचा मोठा सर्व्हे आहे, तो इंडियाना विद्यापीठात सुरू झाला, त्यात पदवीनंतर कितीतरी वर्षांनी लोकांना विचारतात की कामाला काय लागतं आणि कॉलेजात काय शिकलात, आणि पैशाचं व धंद्याचं ज्ञान लागतं पण कॉलेजात मिळालं नाही ही तक्रार त्यात पुन्हा पुन्हा येते. आपल्याकडे एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, प्लेसमेंट झालेल्यांचा मीडियन (म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा) पगार बघते, इंजिनिअरिंगला ते ठीक असेल, पण ज्याला पगारच नाही अशा मूर्तिकाराचं त्यात काय दिसणार! म्हणून १३ जणांना एवढंच विचारा की इथे शिकलेलं आज कुठे वापरता, आणि काय शिकवायला हवं होतं. या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जशीच्या तशी संस्थेपुढे ठेवा.

हिस्स्याबद्दल थोडक्यात. केंद्राच्या २०१९ च्या स्टार्टअप धोरणात दिलेल्या सोयींच्या बदल्यात संस्थेला २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यायची मुभा आहे, सर बहुतेक त्यावरूनच म्हणत असतील. पण तो विचार कंपनीसाठी आहे, तुमची मुलं एकट्याच्या नावावर कामं घेतात, तिथे शेअर द्यायला कंपनी कुठे आहे? मी तरी घेऊ नका असंच म्हणेन. उलट डिझाइनचा कॉपीराइट मुलाचाच राहील हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्या, तो विद्यार्थी आहे, तुमचा नोकर नाही.

फोन त्या १३ जणांपासून सुरू करा, आणि गणपतीच्या आधी करा, नंतर कुणी फोन उचलणार नाही.