डबा कंपनीचा राहू द्या, वाय-फाय आपलं करा

प्रश्न : आमचं घर वाईत, जुना वाडा. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फूट जाड. फायबरचा डबा ओटीवर बसवला आहे, प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर सगळं छान चालतं, माजघरात कसंबसं. माडीवर मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, तिथे मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटतो. कनेक्शनवाले म्हणतात, ३०० चा प्लॅन घ्या आणि दोन हजार डिपॉझिट भरा, ड्युअल बँड राऊटर देतो. मुलगा म्हणतो, त्यांचा डबा परत करू आणि आठ हजारांचा आपला आणू. सासूबाईंचा लँडलाइन फोनही त्याच डब्यावर आहे. काय करावं?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, प्लॅन वाढवू नका आणि डबा परतही करू नका. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइन तपासण्यात गेली. तिथली पहिली शिकवण अशी, की दोष कुठे आहे हे ठरल्याशिवाय एकही वस्तू बदलायची नाही. म्हणून पैसे काढण्याआधी मुलाला लॅपटॉप घेऊन ओटीवर बसवा. डब्याला लॅन केबल लावून स्पीड टेस्ट करायला सांगा. नव्वदच्या पुढे आकडा आला तर कंपनीची लाइन निर्दोष आहे. मग त्याच लॅपटॉपवर माडीवर वाय-फायनं तीच टेस्ट करा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या भिंती. व्हिडिओ मीटिंगला जाता-येता चार-पाच एमबीपीएस पुरतात. तेवढेही माडीवर पोचत नसतील, तर ३०० चा प्लॅन घेऊन ओटीवरचाच आकडा वाढेल.

आता डब्याबद्दल. त्या एका डब्यात दोन कामं चालतात. फायबरमधून आलेला प्रकाश वाचून त्याचं इंटरनेट करणं हे पहिलं, त्याला ओएनटी म्हणतात. घरभर वाय-फाय देणं हे दुसरं. पहिलं काम कंपनीकडेच राहू द्या. आपल्याकडच्या बहुतेक फायबर जोडण्या जीपॉन पद्धतीच्या असतात. एकच फायबर वाटेत स्प्लिटरनं अनेक घरांत वाटला जातो आणि प्रत्येक घरच्या ओएनटीचा सिरीयल नंबर कंपनीच्या यंत्रात नोंदवलेला असतो. बाजारातून आणलेला ओएनटी कंपनीनं नोंदवून घेतल्याशिवाय चालू होत नाही. शिवाय सासूबाईंचा फोन त्या डब्याच्या मागच्या छोट्या सॉकेटमधून चालतो आणि फोनची सेटिंगं कंपनीनंच आत भरलेली असतात. डबा परत गेला की फोनही गेला. आणि कधी डब्यावरचा एलओएसचा, म्हणजे फायबरमधून प्रकाश येत नसल्याचा, लाल दिवा लागला, तर कोणताही राऊटर आणून उपयोग नाही. फायबर कुठे तरी मुडपला आहे किंवा तुटला आहे. तक्रार नोंदवा, दुरुस्ती त्यांची. डब्यामागची ती बारीक पिवळी किंवा काळी वायर कपाटामागे दाबू नका, घट्ट गुंडाळी करून खिळ्याला अडकवू नका.

वाय-फाय मात्र आपलं असावं, असं माझं ठाम मत आहे. तरी मुलाचा आठ हजारांचा राऊटर ओटीवर ठेवायला मी सांगणार नाही. वाय-फायच्या लहरी किती ताकदीनं सोडायच्या याला सरकारी मर्यादा आहे आणि ती महागड्या राऊटरलाही लागू आहे. ड्युअल बँड म्हणजे लहरींचे दोन पट्टे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण दगडी भिंतीपाशीच दम तोडतो. २.४ गिगाहर्ट्झचा भिंत ओलांडतो, पण थकून ओलांडतो, आणि त्याच पट्ट्यावर शेजाऱ्यांचे राऊटर आणि ब्लूटूथ यांची गर्दी असते. दोन फुटी वाड्यात उपाय एकच : वाय-फायला भिंतीतून पाठवू नका, वायरीला पाठवा.

म्हणजे असं करा. ओटीवरून माडीवर एक लॅन केबल न्या, कॅट ६ ची, आठही तारा तांब्याच्या. स्वस्त केबलमध्ये कधी चारच तारा असतात, तिच्यातून १०० च्या पुढे वेग जात नाही. जिन्याच्या कडेनं किंवा तुळईलगत नेली तर वाड्याच्या भिंतींना भोकं पाडावी लागत नाहीत. विजेच्या वायरीला चिकटवून मात्र नेऊ नका. माडीवर अडीच-तीन हजारांचा ड्युअल बँड राऊटर ठेवा. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांवर जाऊ नका. एसी१२०० लिहिलेलं असतं, म्हणजे एका पट्ट्यावरचे ३०० आणि दुसऱ्यावरचे ८६७ यांची बेरीज. एका मोबाइलला ती कधीच मिळत नाही. त्याऐवजी लॅन पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का, हे दुकानदाराला विचारा. ३०० लिहिलेल्या कितीतरी राऊटरांचे पोर्ट १०० चेच असतात आणि त्यांतून पंच्याण्णवच्या आसपासच येतं. कंपनीच्या डब्यालाही पुष्कळदा एक पोर्ट गिगाबिटचा आणि एक १०० चा असतो. जीई (गिगाबिट) लिहिलेल्या पोर्टमध्ये केबल घाला, एफई (१०० चा) मध्ये नको.

माडीवरचा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये लावायचा. त्याच्या सेटिंगमध्ये तो पर्याय असतो. मग घरातल्या सगळ्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम ओटीवरचा डबाच करतो आणि दोन राऊटर एकमेकांच्या कामात लुडबुड करत नाहीत. दोन्हींना वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच द्या, म्हणजे फोन घेऊन वर-खाली जाताना जोडणी आपोआप बदलते. माजघराला अजूनही कमी पडलं, तर तिथेही असाच एक ठेवता येईल.

मुलाला ‘ब्रिज मोड’ माहीत असेल. त्यात कंपनीचा डबा फक्त ओएनटी उरतो आणि लॉगिन आपल्या राऊटरवरून होतं. त्यासाठी कंपनीकडून पीपीपीओईचा, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचा, युजरनेम-पासवर्ड घ्यावा लागतो. गावाकडचे शेताचे कॅमेरे, घरचा सर्व्हर असं काही असेल तर तो खटाटोप करावा. पण आधी डब्याच्या सेटिंगमधल्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे कंपनीकडच्या बाजूचा, आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. तिथे ब्रिज करूनही बाहेरून कॅमेरा उघडणार नाही, स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा कायमचा पत्ता, वेगळा मागावा लागेल. तुमच्या आजच्या अडचणीला ब्रिजची गरज नाही.

कंपनीचा ड्युअल बँड डबा दोन हजारांत घेणं चूक नाही, पण ते भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी. बिघडला तर ते बदलून देतात, घर सोडताना परत करता येतो. घेणाऱ्यांनी डिपॉझिट परत मिळणारं आहे हे पावतीवर लिहून घ्यावं आणि डबा परत देताना पोच घ्यावी. तुमचं घर हलणारं नाही. तुमचे पैसे केबलमध्ये घाला.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला वेगाहून महत्त्वाची वाटते. बसवायला आलेल्या माणसानं ठेवलेला वाय-फायचा पासवर्ड आणि डब्यात शिरण्याचा ‘ॲडमिन’चा पासवर्ड, दोन्ही आजच बदला. कंपनीच्या डब्यात ती दुरूनही शिरू शकते, दुरुस्तीसाठी तशी सोय ठेवलेली असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं होतं, कारण हल्लेखोरांनी अशाच दुरून सांभाळण्याच्या वाटेवर हल्ला चढवला होता. आपल्या राऊटरचं सॉफ्टवेअर अपडेट करणं मात्र आपल्याच हाती आहे. ते मुलानं नियमानं करावं.

वीज जाते तेव्हा दोन्ही डबे चालू राहावेत म्हणून राऊटरसाठीचे छोटे यूपीएस मिळतात. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण वाचल्याशिवाय लावू नका.

प्रश्न : मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते. येताना तिनं तिचा जुना पण भारी राऊटर आणला. पुण्यात आमच्या फायबरला चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिकडे १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानंच ग्राहकाला आपल्या पसंतीचं उपकरण लावायचा हक्क आहे. लॉगिनचा तपशील कंपनीला द्यावाच लागतो. म्हणून तिथे मोडेम आतच असलेले राऊटर लोक स्वतः विकत घेतात. पण तो मोडेम बहुधा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेचा किंवा टीव्ही केबलचा असतो. आपला फायबर त्यात थेट बसणार नाही. त्याला वॅन पोर्ट असेल, किंवा सेटिंगमधून एखादा लॅन पोर्ट वॅन करता येत असेल, तर तुमच्या ओएनटीतून लॅन केबल आणून त्यात घाला. वीज तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच, त्यामुळे ॲडॉप्टर चालेल. लावण्याआधी बनवणाऱ्यांच्या साइटवर त्या मॉडेलला अजून अपडेट येतात का, ते मुलीला पाहायला सांगा. येणं थांबलं असेल तर कितीही भारी असला तरी तो इंटरनेटच्या तोंडाशी ठेवू नका. येत असतील तर आधी फॅक्टरी रीसेट करा, तिचं तिकडचं लॉगिन अजून त्यात असेल.