जुन्या स्कॉट्समधला ‘गेट’: नवीन वाचकासाठी

एडिनबराच्या जुन्या कागदांत ‘गेट’ दिसलं म्हणून लगेच दरवाजा समजू नका. नवीन माणूस हमखास इथेच फसतो. जुन्या स्कॉट्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या इंग्रजीला जवळच्या जुन्या भाषेत, गेट म्हणजे रस्ता, वाट. शब्द नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन मुळाचा. कॅननगेट म्हणजे होलीरूड मठाच्या कॅनन मंडळींचा, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंचा रस्ता, काउगेट गुरांचा. शहराच्या वेशीला तिथे ‘पोर्ट’ म्हणत: वेस्ट पोर्ट, नेदरबो पोर्ट. एवढं डोक्यात बसलं की जुना नकाशा बराचसा उलगडतो. वाटेवरून पुढे ‘रीत, तऱ्हा’ हाही अर्थ आला. आणि गंमत बघा, त्याच स्पेलिंगात शेळीही सापडते! म्हणून आधी अख्खं वाक्य वाचा, मग अर्थ ठरवा.

सुरुवातीला एवढंच पुरे:

- ‘डिक्शनरी ऑफ द ओल्डर स्कॉटिश टंग’ वापरा. 1700 पर्यंतची भाषा त्यात आहे, आणि ऑनलाइन फुकट बघता येते.
- कोशात अर्थाखाली जुन्या लिखाणातली अवतरणं असतात; अर्थाआधी अवतरणाचं साल बघा. 1400 च्या आसपासचा अर्थ 1650 च्या पत्राला डोळे मिटून चिकटवू नका.
- स्पेलिंग एकच नसतं. जी-ए-टी-ई आणि जी-ए-आय-टी, दोन्ही शोधा. क्यू-यू-एच दिसलं की इंग्रजीतलं डब्ल्यू-एच समजा.

व्युत्पत्ती आणि हस्तलिखितं सध्या बाजूला राहू द्या, घाई नाही. एकाच शब्दाची अवतरणं सालवार वाचून काढा. ‘गेट’ झाला की ‘लँड’ घ्या. एडिनबरात तो अनेक मजली इमारतीलाही म्हणत.