आधी उद्यमबाग लिही, मग पीएचडी

"ताई, व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) मेकॅनिकल झालंय, तीन वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात आहे. वैद्यकीय काहीच येत नाही. हृदयाच्या बायोमेकॅनिक्समध्ये पीएचडीला आयर्लंडमध्ये गॉलवेला येऊ का?" असं विचारलंस. ये की! पण अर्जात तो कारखाना पार तळाशी ढकललायस, तो आधी वर आण.

आमच्याकडे कृत्रिम झडप तपासायचं यंत्र म्हणजे पंप, सेन्सर, नळ्या आणि वर हवेचा कप्पा असलेली टाकी. म्हणजे तुझा दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटरच. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, तेच करते: ठोक्यासरशी फुगते, मग आकसत रक्त पुढे सारते. स्टीफन हेल्सनं 1733 मध्येच याला आगीच्या बंबातल्या हवेच्या कप्प्याची उपमा दिली होती. 1899 मध्ये ओटो फ्रांकनं त्याचं गणित मांडलं. मी आले त्या आठवड्यात दाबाचा आलेख वेडावाकडा येत होता आणि सगळे सेन्सरला नावं ठेवत होते. मी पान्याच्या दांड्यानं नळीच्या वळणावर दोनदा ठोकलं, बुडबुडा वर आला, आलेख सरळ. लाइनमधली हवा काढणं मला काय कॉलेजनं शिकवलं नव्हतं.

स्टेंटची, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीची, फटीग टेस्ट (पुन्हापुन्हा ताण देऊन तुटते का बघणं) मात्र संयमाचं काम. दहा वर्षांचे ठोके म्हणून 40 कोटी फेऱ्या. सेकंदाला 50 धरल्या तरी तीन महिने. शरीरशास्त्र जाता-येता शिकशील. रक्तप्रवाहाचं गणित संगणकावर करणारं सिमव्हॅस्क्युलर फुकट आहे, आजच उतरवून घे. आयएसओ 14971, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम-व्यवस्थापनाचं मानक, वाच, उपकरणांच्या कंपन्यांत जोखमीची भाषा तीच.

पैसे कोण देणार ते लेखी घेतल्याशिवाय निघू नकोस. नेदरलँड्सलाही अर्ज कर, तिथं पीएचडी म्हणजे बहुधा पगारी नोकरीच. गॉलवेत खोली मिळणं प्रवेशाहून अवघड.

आणि कागद! माझा जन्मदाखला कन्नडमध्ये, पासपोर्टवर बेळगाव, पदवीवर बेळगावी. 2014 च्या 1 नोव्हेंबरला नाव बदललं, हे माझा अर्ज तपासणाऱ्या बाईंना काय ठाऊक? त्यांना वाटलं, गावं दोन. आपण तिकडं त्या नावावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडतोय, आणि माझा अर्ज त्याच नावापायी तीन आठवडे अडकला. दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि नावबदलाच्या अधिसूचनेची प्रत आत्ताच काढून ठेव.

मालकांना विचारून तुमच्या टेस्ट बेंचचा एक फोटो नि दाबाचा एखादा आलेख पाठव. प्राध्यापकांना लिहायचा मेल मी बघून देते.