मराठवाड्यातल्या कॉलेजांचे मेकॅनिकल विभाग खरंच पुढे गेलेत का? लेकीला प्रवेश घ्यावा का?

घ्या, पण आधी वर्कशॉप बघा. मी वाळूजला टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात) आहे, नवी पोरं रोज बघतो.

नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी कॉलेज 1981 चं, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी 1960 चं. पण विभागांना खरं बळ दिलं ते कारखान्यांनी. 1985 मध्ये बजाज वाळूजला आली, मागोमाग सुटे भाग बनवणारे लघुउद्योग उभे राहिले. पुढे शेंद्र्याला स्कोडा, आता ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यात डिसेंबर 2020 मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. इंटर्नशिपला आता पुणंच गाठावं लागतं असं नाही.

विभागाची प्रगती फ्लेक्सवर शोधू नका. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवरचं कव्हर उचलून बघा. आत कूलंटचा (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचा) वास आणि ट्रेमध्ये धातूचा ताजा चुरा असेल तर पोरं मशीन चालवतात. धूळ असेल तर मशीन फक्त तपासणीच्या दिवशी चालू होते. मागच्या वर्षी आमच्याकडे आलेल्या परभणीच्या मुलीने पहिल्याच दिवशी व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या साधनावर) 0.02 मिमीचा फरक पकडला. तिने कॉलेजात बाजा स्पर्धेच्या (यात विद्यार्थी स्वतः गाडी बनवून उतरतात) गाडीची चौकट स्वतः वेल्ड केली होती. अशी टीम तिथे आहे का, एवढं नक्की विचारा.