मक्यावरची अळी ओळखायला डीएनए किट घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या शेतकरी गटातल्या मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अळ्या आहेत. कोणी म्हणतं अमेरिकन लष्करी, कोणी म्हणतं आपली जुनी लष्करी. त्यातच एक विक्रेता बांधावर तासाभरात डीएनएवरून कीड ओळखून देणारं किट दाखवून गेला. घ्यावं का?

पोंग्यातल्या वाढलेल्या अळीसाठी घेऊ नका. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या भागात चौकोनात बसलेले चार ठळक काळे ठिपके दिसले की ती अमेरिकन लष्करी. साधं भिंग पुरतं. मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला ती देशात पहिल्यांदा सापडली तेव्हा डीएनए तपासणं भागच होतं, कारण इथे ती कोणी पाहिलेलीच नव्हती. आज तुमचा कृषी सहायक ती उभ्या उभ्या ओळखतो. आणि फवारणी करायची की नाही हे तर शंभरातली किती झाडं खाल्ली गेलीत यावर ठरतं. ती मोजणी कुठलंच किट करून देत नाही.

चाचणीचा खरा उपयोग नजर अडते तिथे. अंड्यांचे पुंजके बघा. अमेरिकन लष्करीची मादी ते अंगावरच्या केसांनी झाकते, तंबाखूवरची पाने खाणारी अळी जिची, ती मादीही तसंच करते. नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्यांवर खुणा उमटलेल्या नसतात. मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात दुसऱ्याच जातीचे पतंग येऊन पडतात, पंखांवरचे खवले झडलेले असतात आणि मोजणी फुगते. अशा पतंगाचा एक पाय मिळाला तरी जात सांगता येते.

किटमध्ये बहुधा लॅम्प ही डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवणारी पद्धत असते. ती जपानी संशोधकांनी 2000 साली मांडली. प्रयोगशाळेत याच कामाला वापरतात त्या पीसीआर पद्धतीला तापमान सतत चढवावं-उतरवावं लागतं, म्हणून मशीन महाग. लॅम्पमधलं एन्झाइम डीएनएचे दोन धागे स्वतःच सोडवत पुढे जातं, त्यामुळे 60 ते 65 अंशांवर नळी स्थिर ठेवली की काम भागतं. नळ्या गरम ठेवणारा बॅटरीवरचा छोटा हीटिंग ब्लॉक त्याला पुरतो. चार ते सहा प्राइमर, म्हणजे हव्या त्या जागी चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, एकाच जनुकावरच्या सहा-आठ जागा ओळखतात, म्हणून नेमकेपणा चांगला. डीएनएच्या प्रती इतक्या बनतात की रंग बदललेला डोळ्यांना दिसतो.

रंगाबाबत मात्र जपा. गुलाबीचा पिवळा होणारा रंग आम्लतेवर चालतो. किडीचा रस किंवा पाय विरघळवायला वापरलेलं अल्कली जास्त पडलं तर तो रंग फसवतो. शेतातल्या कामाला मला जांभळ्याचा आकाशी होणारा हायड्रॉक्सीनॅफ्थॉल ब्लू जास्त भरवशाचा वाटतो.

नमुना घेताना अख्खी अळी चिरडू नका. ही अळी दुसऱ्या अळ्या खाते, तिच्या पोटात परजीवी माशीची किंवा गांधीलमाशीची पिल्लंही असू शकतात, मग त्यांचाही डीएनए नळीत जातो. चिमट्याने एक पाय तोडा, तो द्रावणात चुरडा, त्यातला थेंब नळीत घाला. उरलेली अळी 95 टक्के अल्कोहोलमध्ये, तारीख आणि गट नंबर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीसह जपून ठेवा. निकालावर शंका आली तर कीटकतज्ज्ञाला दाखवायला तीच लागते. फॉर्मॅलीन चालत नाही, त्यात डीएनए खराब होतो. चिमटा दर नमुन्यानंतर पुसून ज्योतीवर धरा.

प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या पाण्याची आणि एक खात्रीच्या अळीची लावाच. पाण्याच्या नळीचा रंग बदलला तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. आणि झालेली नळी कधीही उघडू नका. आत त्याच तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. त्या टेबलावर, हातमोज्यांवर बसल्या की पुढे कित्येक दिवस पाणीसुद्धा ‘लष्करी’ निघतं. शेतावर या चाचणीचे निकाल बिघडतात ते बहुतेक याच कारणाने.

निकाल वाचतानाही सावध राहा. ‘नाही’ आलं तर ती विचारलेली जात नाही किंवा डीएनएच नीट निघाला नाही, एवढंच कळतं. ती कोणती आहे हे कळायला जनुकाचा क्रम वाचावा लागतो, ते प्रयोगशाळेचं काम. एखाद्या अहवालात ‘राइस स्ट्रेन’, म्हणजे अमेरिकन लष्करीचा भात प्रकार, असं लिहिलेलं पाहून भातवाले घाबरतात. या तपासणीत सहसा वापरतात तो सीओआय नावाचा जनुक मायटोकाँड्रिया या पेशीतल्या भागातला, म्हणजे फक्त आईकडून येणारा. आपल्याकडे मक्यावरच्या कित्येक अळ्यांत तो राइस प्रकारचा निघतो आणि पेशीच्या केंद्रकातला, आईबाप दोघांकडून येणारा जनुक मका प्रकारचा. त्या दोन शब्दांवरून भाताच्या फवारणीचा निर्णय घेऊ नका.

गटाकडे पैसे असतीलच तर मी ते मिरचीच्या फुलकिड्यांवर लावीन. 2021 मध्ये तेलंगण-आंध्रात मिरचीची फुलं गळाली ती थ्रिप्स पार्विस्पिनस या फुलकिड्याच्या नव्या जातीमुळे. आपली जुनी जात कोवळी पानं वर मुरडते, ही फुलांत गर्दी करते. प्रौढ कीड ओळखायची तर स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, पिल्लांवरून तर जात ठरवणं जवळपास अशक्य. इथे चाचणी खरंच वेळ वाचवते. फक्त एकेका किड्याची नळी वेगळी लावा, कारण एकाच झाडावर दोन्ही जाती सापडू शकतात.

विक्रेता पुन्हा आला तर हे प्राइमर जुनी लष्करी, तंबाखूवरची अळी आणि घाटे अळी यांच्यावर लावून पाहिलेत का ते विचारा आणि निकाल कागदावर मागा. एन्झाइम उणे 20 अंशांत ठेवावं लागतं की सुकवलेल्या रूपात येतं, हेही विचारा. भारनियमनाच्या गावात सुकवलेलंच घ्या.